आधी काचेची नळी, मग थेंबाची मशीन

पोस्ट लांब आहे. पण रोवणी सुरू आहे, म्हणून पूर्ण वाचा.

आपल्या भागातल्या ग्रुपांवर सध्या एक व्हिडिओ फिरतो आहे. मोबाईलला छोटीशी वाटी लावली, त्यात बोटाच्या रक्ताचा एक थेंब टाकला, आणि रक्त गोठायला किती वेळ लागला ते मोबाईलच सांगतो. व्हिडिओ खोटा नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाने हे करून दाखवले. थेंबात तांब्याचा बारीक कण टाकायचा, फोनच्या व्हायब्रेशनने तो हलवायचा आणि कॅमेऱ्याने त्याच्यावर नजर ठेवायची. कण हलायचा थांबला की समजायचे, रक्त गोठले. डोकं लावलं आहे, मान्य.

माझा राग आहे तो खालच्या कॉमेंटींवर. "साप चावलेल्यांसाठी हीच मशीन आपल्या दवाखान्यात पाहिजे. वर्गणी करू, साहेबांना सांगून निधी आणू, उद्घाटन ठेवू." फोटो निघतील, रिबन कापली जाईल, आणि ज्याच्या पायाला परड चावली त्याचा जीव वाचेल की नाही ते देव जाणे.

कोहमाऱ्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. इकडून नागपूर-रायपूर हायवे, तिकडून गोंदिया-नवेगावबांध रस्ता. लोक म्हणतात, चौकाचं गाव, सोयीचं गाव. पण चौकातून बाहेर पडलं की धानाच्या बांध्या, धुरे आणि मागे नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल. रोवणीत बाया अनवाणी चिखलात, माणसं रात्री बांधीत पाणी बघायला. घोणस, म्हणजे आपली परड, धुऱ्यावरच बसलेली असते. शेंडा असो, पांढरी असो, डव्वा असो, पेशंटला आधी रस्त्यापर्यंत आणायचं, मग गोंदियाला चाळीसेक किलोमीटर. नागपूर सव्वाशेच्या आसपास. या सगळ्या वेळात विष थांबून राहत नाही.

परडीचं विष करते काय? रक्त गोठवणारी शरीरातली जी साखळी आहे तिला ते एकदम पेटवून देते. गुठळी ज्याच्यापासून बनते तो फायब्रिनोजेन नावाचा पदार्थ त्यात खर्च होऊन जातो. मग रक्त गोठायला काही उरतच नाही. हिरड्यांतून रक्त, लघवीतून रक्त, सुई टोचली तिथून रक्त. मेंदूत रक्तस्राव झाला तर संपलंच. किडनीही जाते.

हे ओळखायला एक चाचणी आहे आणि ती शासनाच्या स्वतःच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेली आहे. शिरेतलं २ मिलिलिटर ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं. २० मिनिटं नळीला हात लावायचा नाही, हलवायचं नाही. मग एकदाच नळी कलती करायची. रक्त अजून पातळच असेल, तर विष रक्तात भिनलं आहे आणि प्रतिविष, ज्याला आपण सापाची लस म्हणतो, ते लगेच द्यायचं. लाईट नको, इंटरनेट नको, चार्जिंग नको. नळी, घड्याळ आणि घड्याळाकडे बघणारा एक माणूस, बस.

आता मजा बघा. नळी काचेचीच पाहिजे, कारण काचेला लागूनच रक्ताची गोठायची क्रिया सुरू होते. प्लास्टिकच्या नळीत चांगलं रक्तही पातळ राहू शकते. साबणाने धुतलेल्या नळीतही तसंच फसायला होते. म्हणजे नवीन, कोरडी, काचेची नळी. किंमत काही रुपये. या काही रुपयांच्या नळीसाठी कोणी वर्गणी काढत नाही, कारण तिचं उद्घाटन होत नाही.

कोणी म्हणेल, "अहो, पण थेंबाची मशीन त्याहून चांगलीच ना? कमी रक्त, कमी वेळ." यातला अर्धा भाग खरा आहे आणि मी तो नाकारत नाही. ज्याचं रक्तच गोठत नाही त्याला परत-परत सुई टोचणं म्हणजे प्रत्येक वेळी नवीन जखम. लेकराच्या बारीक शिरेतून सारखं सारखं २ मिलिलिटर काढणं सोपं नाही. आणि ही चाचणी एकदा करून भागत नाही, लस दिल्यावरही परत करावी लागते. बोटावरच्या काही मशीनींना ८ मायक्रोलिटर रक्त पुरते, म्हणजे नळीतल्या रक्ताचा अडीचशेवा भाग. हे भारी आहेच.

पण दुसरा अर्धा भाग जीवावर बेतणारा आहे. बाजारात आज मिळणाऱ्या बोटावरच्या मशीनी रक्त पातळ करायच्या गोळ्या खाणाऱ्यांसाठी बनवलेल्या आहेत. त्यातल्या काही प्रत्यक्ष गुठळी बघतच नाहीत, गुठळी बनायच्या आधीचा रासायनिक इशारा मोजतात. परडीच्या विषाने गुठळीचा मालच संपवला असेल, तरी इशारा मिळू शकतो. ऑस्ट्रेलियात साप चावलेल्या रुग्णांवर अशा मशीनी तपासल्या, तेव्हा बिघडलेलं रक्तही काही वेळा नॉर्मल दाखवलं गेलं. विचार करा. मशीन म्हणते नॉर्मल, डॉक्टर म्हणतो थांबून बघू, आणि माणूस आतून वाहतो आहे. मोबाईलवाली युक्तीही आपल्या परडीच्या विषावर पारखून घेतल्याशिवाय कोणाच्या जीवावर वापरता येणार नाही.

मग बोटावरची मशीन नकोच का? पाहिजे, पण ज्याच्यासाठी आहे त्याच्यासाठी पाहिजे. हृदयाचा व्हॉल्व्ह बदललेले लोक आपल्या गावांत आहेत. त्यांना रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, आणि आयएनआर नावाची तपासणी दर काही आठवड्यांनी. गोळी कमी पडली तर व्हॉल्व्हवर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. एका तपासणीसाठी गोंदियाला जायचं म्हणजे भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही गेली, म्हणून माणूस तपासणी टाळतो. त्याच्यासाठी महिन्यातून ठरलेल्या दिवशी थेंबाची तपासणी गावाजवळ झाली, तर मी स्वतः नारळ फोडायला येतो.

आणि कमी रक्तातलं संशोधन आपल्या मातीत होत नाही, असंही कोणी सांगू नये. मुंबईत केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेने हिमोफिलियासारखे रक्त न गोठण्याचे आजार ओळखायचं छोटं किट तयार केलं आहे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून विंचूदंशावर काम सुरू केलं, ते थेट 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. गोंदियाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ पासून चालू आहे, आणि साप चावलेले पेशंट तर आपल्या जिल्ह्यात दर पावसाळ्यात. थेंबाची मशीन एका बाजूला, नळी आणि प्रयोगशाळा दुसऱ्या बाजूला ठेवून तिथे अभ्यास करा. आपल्या परडीवर खरी उतरली तर मग आणा गावोगावी.

देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे, वर्षाला ५८ हजार. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे म्हणून. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची करा, असं राज्यांना कळवलं. आराखडे आहेत. मेल्यावर शेतकऱ्याच्या घरी गोपीनाथ मुंडे योजनेतून २ लाखही येतात. बाईच्या कपाळाचं कुंकू गेल्यावर २ लाख, आणि जाण्याआधी काचेची नळी आहे की नाही ते कोणी विचारत नाही!

तर आपण विचारू. ग्रामसभेत विचारा, रुग्ण कल्याण समितीत विचारा, आपल्या जवळच्या आरोग्य केंद्रात सभ्यपणे जाऊन विचारा:

१. नवीन, कोरड्या काचेच्या नळ्या आहेत का? रात्री दोन वाजता त्या कुठे ठेवल्या आहेत, हे ड्युटीवरच्या ताईला माहीत आहे का?

२. नळी कधी लावली, कधी बघितली, ही वेळ पेशंटच्या कागदावर लिहितात का? पेशंट पुढे पाठवला तर तो कागद सोबत जातो का?

३. सुरुवातीच्या डोसाच्या १० बाटल्या लस आणि रिॲक्शन आली तर ॲड्रिनॅलिन, दोन्ही हाताशी आहेत का? गरज दिसत असताना लस सुरू न करताच नुसतं 'रेफर' तर लिहीत नाहीत ना?

४. व्हॉल्व्हवाल्या पेशंटांची आयएनआर तपासणी तालुक्यात कधी सुरू होणार?

भांडायला जाऊ नका. तिथला डॉक्टर, नर्स आपलीच माणसं आहेत, बऱ्याचदा सामानाशिवाय लढतात. त्यांना लेखी मागणी द्या, म्हणजे त्यांनाही वर मागता येईल.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. नाग किंवा मण्यार चावली तर रक्त नीट गोठू शकते, पण पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास अडतो. तिथे नळी चांगली आली म्हणून घरी यायचं नाही. आणि कोणताही साप असो, चिरा मारू नका, दोरी आवळू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. पाय हलू देऊ नका, १०८ लावा, निघा.

मशीन येईल तेव्हा येईल. नळी आणायला उद्याचा दिवस पुरतो.

ज्यांच्या गावात रोवणी चालू आहे त्यांच्यापर्यंत ही पोस्ट जाऊ द्या. आणि तुमच्या केंद्रात काय उत्तर मिळालं ते खाली लिहा.