वजन उतरतंय, पण अंगात त्राणच नाही. बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेनंतरचा थकवा नेमका कशामुळे?

वजनाचा काटा खाली येतोय, जुने कपडे ढगळ होतायत, इन्स्टाग्रामवर 'आधी आणि आता'चे फोटोही टाकून झालेत. पण एक जिना चढला की थांबावं लागतं आणि दुपार होण्याआधीच आडवं व्हावंसं वाटतं. वजन कमी करण्यासाठी बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया करून घेतलेल्या अनेकांना पहिल्या काही आठवड्यांत हा अनुभव येतो. 'ऑपरेशन झालंय, अशक्तपणा राहणारच,' असं घरचे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे.

ही शस्त्रक्रिया आता नवलाईची राहिलेली नाही. भाजपचे तत्कालीन अध्यक्ष नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये ती करून घेतली होती. २०१९ मध्ये विमा नियामक 'इर्डाई'नेही आरोग्य विम्यातल्या अटी ठरवून दिल्या. बीएमआय किमान ४०, किंवा किमान ३५ आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह वा हृदयविकारासारखा गंभीर आजार, शिवाय इतर उपाय करून झालेले, असं असेल तर स्थूलतेवरचे उपचार म्हणून शस्त्रक्रियेचा खर्च सरसकट नाकारता येत नाही. ऑपरेशनचा मार्ग सोपा झाला, पण नंतरच्या महिन्यांबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

पहिले काही आठवडे

'स्लीव्ह' शस्त्रक्रियेत जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. सुरुवातीला फक्त पातळ पदार्थ घ्यायचे असतात आणि दिवसाला ८०० कॅलरीही पोटात जात नाहीत. त्यात जखम भरून यायची असते. थकवा येणं स्वाभाविकच आहे.

गडबड होते ती आजारी माणसाच्या आपल्या ठरलेल्या जेवणात. भाताची पेज, वरणाचं पाणी, साबुदाण्याची खीर. यात प्रथिनं नावापुरती असतात, आणि या काळात साधारणपणे रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं घ्यायला सांगतात. एका अंड्यातून जेमतेम ६ ग्रॅम मिळतात. म्हणून डॉक्टर प्रोटीन पावडर लिहून देतात. ती जाहिरातबाजी नव्हे. प्रथिनं कमी पडली की चरबीसोबत स्नायूही झिजतात. पाणीही घोटाघोटानं, दिवसभर प्यावं लागतं, नाहीतर पाणी कमी पडूनही चक्कर येते.

आणखी एक कारण सहज नजरेतून सुटतं. वजन उतरू लागल्यावर मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा जुना डोस जास्त होऊ शकतो. साखर किंवा बीपी खाली गेल्यानं गळून जायला होतं. डोस बदलायचा तो डॉक्टरांनीच.

महिन्यांनंतर परतलेला थकवा

याला मात्र 'राहणारच' म्हणून चालत नाही. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि 'बायपास'मध्ये अन्न नेमकं तोच भाग टाळून पुढे जातं. बी-१२ शोषायला जठरातला एक स्राव लागतो, तोही कमी होतो. यकृतातला बी-१२चा साठा काही काळ पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा कळते. शाकाहारी लोकांचा साठा मुळातच कमी असू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. म्हणजे अनेकींची सुरुवातच तुटीतून होते.

म्हणूनच जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, दोन तासांचं अंतर ठेवायचं. लोहाच्या गोळीवर चहाही नको. पहिल्या वर्षी काही महिन्यांच्या अंतरानं रक्ततपासणी, पुढे दरवर्षी.

थांबू नये असा थकवा

थकव्यासोबत ताप, धडधड, वाढती पोटदुखी, छातीत दुखणं किंवा अचानक धाप लागली तर थेट रुग्णालय गाठावं.

दुसरा धोका थायमिनचा, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा. शरीरातला त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो. सतत उलट्या होत असतील आणि सोबत दुहेरी दिसणं, चालताना तोल जाणं किंवा गोंधळल्यासारखं वागणं सुरू झालं, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी 'अशक्तपणा आहे' म्हणून जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावून घेण्याची आपली सवय घातक ठरू शकते, कारण थायमिन न देता ग्लुकोज दिलं तर ही अवस्था आणखी बिघडते. त्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेबद्दल माहीत असेलच असं नाही. डिस्चार्ज कार्डचा फोटो रुग्णाच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलमध्ये असायला हवा, आणि सलाईन लावण्याआधी तो दाखवायला हवा.