हाडातला रॉड आणि हायड्रोजनचे पाणी

खारपाणपट्ट्यात पाणी विकणे सोपे आहे. दर्यापूर तालुक्यातल्या माणसाला खाऱ्या पाण्याची धास्ती लहानपणापासूनच. त्यामुळे ‘हायड्रोजन वॉटर’चे यंत्र घेऊन कोणी दारात आला की त्याचे ऐकून घेतले जाते. आता हे विक्रेते पायात रॉड, प्लेट असलेल्यांना गाठतात. म्हणे, हे पाणी प्या, शरीर रॉड स्वीकारेल, सूज उतरेल.

परकी वस्तू शरीरात गेली की रक्तातली प्रथिने तिला चिकटतात, मागोमाग पांढऱ्या पेशी धावून येतात. वस्तू गिळता आली नाही, तर तिच्याभोवती तंतूंचे कवच तयार होते. स्टील किंवा टायटॅनियमचा रॉड बहुतेकांचे शरीर असाच सोसून घेते.

हायड्रोजनचा यात संबंध आहे, तो खोटा नाही. जपानच्या शिगेओ ओहता यांच्या गटाने २००७ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये दाखवले, की हा वायू पेशींना इजा करणारे हायड्रॉक्सिल रेणू निकामी करतो. पण ते प्रयोग पेशींवर आणि उंदरांवर होते. हळूहळू हायड्रोजन सोडणारे साहित्य हाडाजवळची सूज कमी करते का, याचीही तपासणी बहुतांशी प्राण्यांवरच चालू आहे.

दुसरी बाजू विक्रेता सांगत नाही. मॅग्नेशियमची पट्टी शरीरात विरघळते आणि हायड्रोजनच सोडते. बेल्जियमच्या लाम्बोट या सर्जनने १९०७ मध्ये मोडलेल्या पायाला ती पोलादी खिळ्यांनी बसवली. आठ दिवसांत तिचा चुरा झाला आणि कातडीखाली वायू साचला. म्हणजे किती, कुठे, किती वेगाने, यावर सगळे ठरते. एक लिटर पाण्यात हायड्रोजन साधारण दीड मिलिग्रॅमच विरघळतो, आणि भांडे उघडे ठेवले की उडूनही जातो. तो पोटातून मांडीच्या हाडापर्यंत पोचून रॉड जुळवून देतो, असे म्हणायला कुठलाही आधार नाही. संशोधनाशी आमचे भांडण नाही, त्याच्या नावावर मजुराच्या घरात हप्ता लावण्याशी आहे.

खरा धोका वेळ जाण्याचा. टाके घातलेली जागा लाल झाली, पू आला, ताप भरला, वजन टाकताना नव्याने दुखू लागले, तर थेट उपजिल्हा रुग्णालय गाठा आणि एक्स-रे काढा. रॉडभोवतीचा जंतुसंसर्ग पाण्याने जात नाही. सुट्टी घेताना रॉडच्या पाकिटावरचे स्टिकर आपल्या कार्डावर लावून मागा. त्यावर कंपनी आणि बॅच नंबर असतो. साहित्यात दोष निघाला तर २०१५ पासून चालू असलेल्या केंद्राच्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमात तक्रार करताना तोच नंबर लागतो.