दोर तुटला तरी पाळणा थांबावा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बीड
(मार्फत : मा. तहसीलदार, गेवराई)

विषय : कारखाने, बांधकामे व विहिरींवरील लिफ्ट-क्रेनचे अपघात रोखण्याबाबत.

महोदय,

विहीर खोदायला क्रेन बसते, वायररोपला बादली टांगतात आणि दगडमाती वर काढणाऱ्या त्याच बादलीत पाय रोवून मजूर खाली उतरतो. एकच रोप, एकच हूक. चकलांब्याच्या मजुराला लिफ्ट कळते ती अशी. पुढे याच भागातली पोरं कामासाठी शहराकडे जातात आणि तिथे माललिफ्टमध्ये चढतात. म्हणून चकलांबा परिसरातील ग्रामस्थ हे निवेदन देत आहेत.

१० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्यात बाळकुम येथे ४० मजली इमारतीच्या छतावरचे वॉटरप्रूफिंग आटोपून मजूर खाली येत होते. बांधकामाची लिफ्ट कोसळली. सात जण गेले. त्याआधी २४ जुलै २०२१ रोजी वरळीत अशाच लिफ्टच्या दुर्घटनेत पाच जणांचा जीव गेला होता. १४ मे २०२४ च्या रात्री राजस्थानातील कोलिहान तांबे खाणीत लिफ्टचा रोप तुटला. चौदा जण जिवंत निघाले, एक दगावला.

दोर तुटला, एवढ्यावर चौकशी थांबू नये; पाळणा का थांबला नाही, हेही विचारले जावे, असे ग्रामस्थांचे म्हणणे आहे. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लिफ्टचा सुरक्षा-ब्रेक बनवणारे एलिशा ओटिस यांनी स्वतः फळीवर उभे राहून वरचा दोर कापायला लावला होता. फळी जेमतेम घसरून अडकली. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २८ नेही तेच मागितले होते : माणसे नेणाऱ्या लिफ्टला किमान दोन दोर, प्रत्येक दोर एकट्याने पूर्ण भार पेलणारा, आणि दोर तुटल्यास पाळणा धरून ठेवणारी यंत्रणा. मालासोबत माणूस चढत असेल, तरी ही अट लागू होत असे. ‘ही मालाची लिफ्ट आहे’ ही सबब इथेच संपत होती.

त्याच कलमात दाराचे इंटरलॉकही होते. दार उघडे असेल तर लिफ्ट हलू नये, लिफ्ट समोर नसेल तर दार उघडू नये. कामाची घाई झाली की हेच इंटरलॉक तारेने बांधून टाकले जाते.

तरी दर सहा महिन्यांनी होणाऱ्या तपासणीचा दाखला आणि भारमर्यादा लिफ्टच्या दारावरच, मराठी व हिंदीत, ठळक लावण्याची सक्ती व्हावी. जिल्ह्यातील कारखाने व जिनिंगमधील माललिफ्टची पाहणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून करून घ्यावी. इंटरलॉक बांधलेले आढळल्यास लिफ्ट तिथेच बंद करावी. धोका दिसला म्हणून लिफ्टमध्ये चढायला नकार देणाऱ्या कंत्राटी मजुराची हजेरी कापली जाऊ नये. रोजगार हमीच्या विहिरींवर क्रेनचा रोप व ब्रेक तपासल्याशिवाय माणूस उतरवू नये. उतरताना कमरेला पट्टा आणि वेगळा दोर असावा. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या नियमांत कलम २८ च्या अटी सैल होऊ नयेत, अशी शिफारस शासनाकडे करावी.

विहिरींची कामे सुरू असतात, म्हणून विहिरींबाबतचा आदेश सर्वांत आधी निघावा, ही विनंती.

निवेदनकर्ते,
चकलांबा व परिसरातील ग्रामस्थ

प्रत माहितीस्तव : संचालक, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य, मुंबई