मण्यार चावली, कळणार कसं?

पावसाळा लागला की पेडणे-डिचोलीकडच्या घरांत जमिनीवर चटई टाकणाऱ्याला जुनी माणसं हटकतात. भीती मण्यारीची. ती रात्री अंथरुणात शिरते, चावते आणि झोपलेल्याला पुष्कळदा कळतही नाही. सूज नाही, ठणका नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात. घरचे 'गॅस झाला असेल' म्हणून ओवा देतात आणि मोलाचे तास निघून जातात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी असे रुग्ण तपासले, त्यांच्यावर लिहिलंही.

घोणशीची शंका असली तर डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवतात. गोठलं नाही तर विष भिनलं. मण्यारीचं विष मात्र नसांवर चालतं, रक्त नेहमीसारखं गोठतं. मग ही नळी काय सांगणार?

आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सरांनी मला यावर एक नवा शब्द शिकवला, 'अ‍ॅप्टामर'. डीएनए किंवा आरएनएचा छोटा तुकडा, चार अक्षरांची माळच म्हणा. ती स्वतःभोवती दुमडते आणि त्या घडीत बसेल तोच रेणू धरून ठेवते. असंख्य माळांतून नेमकी चिकटणारी निवडायची रीत १९९० साली अमेरिकेत निघाली. प्रतिपिंडांसाठी प्राणी लागतात. ही माळ प्रयोगशाळेत जुळवता येते, आणि उष्णताही बरी सोसते.

फरीदाबादच्या 'ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट'च्या संशोधकांनी २०१८ साली दुसऱ्या जातीच्या मण्यारीच्या विषासाठी केलेली ४० अक्षरी माळ कापून २६ अक्षरी केली. ती आपल्या मण्यारीचंही विष ओळखू लागली, आणि लांब माळेपेक्षा घट्ट धरू लागली. (आमच्या नवकवींनी हे ध्यानात घ्यावं.) नाग, घोणस, फुरसं यांच्या विषापासून तिने मण्यारीचं वेगळं काढलं.

या चौघांवर आपल्याकडे प्रतिविष एकच, मग नाव कशाला हवं, असं कोणी विचारील. पण मण्यारीच्या बाबतीत मुळात साप चावला का, हेच ठरत नाही. अडतं तिथे.

ही चाचणी आपल्या आरोग्य केंद्रात मला अजून दिसलेली नाही. तोवर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचा. आणि पहाटे कुणाच्या पापण्या मिटू लागल्या तर ओवा राहू द्या, १०८ ला फोन करा.