६० चे ७५ हर्ट्झ : फुकटात की महागात?

बहुतेक बजेट लॅपटॉपची स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र बदलते, म्हणजेच ६० हर्ट्झ. सेटिंगमध्ये खटपट करून ती ७५ वर न्यायचा जुगाड गेमिंगवाल्यांना ठाऊक आहेच. मिळतं काय? दोन चित्रांमधला वेळ १६.७ वरून १३.३ मिलिसेकंदांवर येतो. स्क्रोलिंग स्मूद वाटतं. पण गेमचे फ्रेम्स बनवते ग्राफिक्स चिप. तीच ४० वर अडकली तर ७५ काय कामाचे? शिवाय काही स्क्रीन आकडा ७५ दाखवतात आणि मधले फ्रेम्स गुपचूप गाळतात. स्क्रीन बिघडली तर वॉरंटीचा वाद वेगळाच! चित्र थरथरलं की मुकाट ६० वर या. मुळात दुकानात आपण रॅम, प्रोसेसर विचारतो. हर्ट्झ विचारतच नाही. पुढच्या वेळी विचारा.