बुरशीच्या निदानातील दिरंगाई

२०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेतून कसेबसे सावरलेल्या रुग्णांच्या नाकातून डोळ्यांच्या खोबणीपर्यंत ‘म्युकर’ बुरशी पसरू लागली आणि मे महिन्यात केंद्र सरकारने तिला साथरोग कायद्यान्वये अधिसूचित रोग ठरविण्यास राज्यांना फर्माविले. ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाइकांनी केलेली वणवण आपल्या स्मरणात आहे. परंतु औषधाआधी रोगाचे नाव निश्चित होण्यातच जो काळ खर्ची पडतो, त्याची दखल आपण फारशी घेतली नाही.

नाकातील ऊतीचा तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर रुंद, फितीसारखे, काटकोनात फुटलेले तंतू सरावलेल्या नजरेला त्याच दिवशी दिसतात. मात्र अशी नजर सर्वत्र नसते, संवर्धनास काही दिवस लागूनही बुरशी पुष्कळदा उगवत नाही, आणि गॅलॅक्टोमॅनन व बीटा-ग्लुकान या रक्तचाचण्यांना म्युकर सापडतच नाही. पीसीआर चाचणी बुरशीच्या जनुकद्रव्याचा माग काही तासांत काढते. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांविषयी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ॲम्फोटेरिसिन सुरू होण्यास सहा किंवा अधिक दिवसांचा विलंब झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळले.

अशी चाचणी जिल्ह्यातच होऊ शकते, हे आपण पाहिले आहे. करोनाच्या आरंभी आपल्या रत्नागिरीचे स्वॅब घाट ओलांडून मिरजेस जात. जून २०२० मध्ये येथेच प्रयोगशाळा उभी राहिली. पुढे २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. शेजारच्या गोव्यात घडलेले ‘ट्रूनॅट’ यंत्र क्षयाचे निदान सुमारे तासाभरात करते. म्हणजे क्षयासाठी जी तजवीज होऊ शकली, ती बुरशीसाठी अशक्य आहे, ही सबब टिकणारी नाही.

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असल्याने पीसीआरचा कौल कधी फसवा ठरेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच हा कौल सूक्ष्मदर्शक, स्कॅन आणि रुग्णाची लक्षणे यांच्या जोडीनेच वाचावा लागेल, व त्यासाठी यंत्राइतकीच प्रशिक्षित माणसांचीही गरज आहे. खर्चाचा आक्षेप मात्र लटका आहे, कारण उशिरा झालेल्या निदानाची किंमत रुग्ण डोळा किंवा जबडा गमावून चुकवितो.

आरोग्य खात्याने अनियंत्रित मधुमेहाच्या, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या आणि कर्करोगाच्या रुग्णांसाठी ही पीसीआर चाचणी जिल्ह्यातच, विनामूल्य उपलब्ध करण्याची मंजुरी द्यावी, आणि पुढच्या साथीची वाट न पाहता द्यावी.