पुडीला गिऱ्हाईक नाही

आमच्या गल्लीत दर रविवारी सकाळी भंगारवाला येतो. लखनौच्या बोलीत तो कबाडी. रद्दी, पुठ्ठा, लोखंड, तेलाचे डबे, पाण्याच्या बाटल्या असे सारे तो तराजूत टाकतो आणि रोख पैसे मोजतो. काही महिन्यांपूर्वी मी त्याच्यापुढे एक मोठी पिशवी ठेवली. पंधरा दिवसांत घरात आलेली खाद्यपदार्थांची सगळी वेष्टने आम्ही धुऊन, वाळवून साठवली होती. त्यांत वेफर्सची पाकिटे, बिस्किटांचे पुडे, मसाल्याच्या पुड्या, घरपोच आलेल्या जेवणाचे काळे डबे आणि चारबागहून आणलेल्या रेवडीचे पाकीटही होते. त्याने दुधाच्या पिशव्या वेगळ्या काढल्या, दोन-तीन डबे उचलले आणि बाकीचे परत केले. ‘याला गिऱ्हाईक नाही, साहेब,’ एवढेच म्हणाला.

खाद्यवेष्टनांच्या प्रश्नावर बोलताना आपण बहुधा नागरिकांच्या शिस्तीवर बोलतो. ओला आणि सुका कचरा वेगळा केला की पुढचे काम आपोआप होईल, असा आपला समज असतो. मी पंधरा दिवस कचरा वेगळा केला, धुतला, वाळवला. तरी त्यातला मोठा भाग कोणी घेतला नाही. तेव्हा दोष केवळ शिस्तीत नसावा.

वेफर्सचे पाकीट हाताला एकच चकचकीत कागद वाटते. प्रत्यक्षात त्यात दोन-तीन थर एकमेकांना चिकटवलेले असतात. बाहेर छपाईसाठी एका जातीचे प्लास्टिक, मध्ये ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ लेप किंवा पत्रा, आत उष्णतेने सील करण्यासाठी दुसऱ्या जातीचे प्लास्टिक. हवा, ओलावा आणि प्रकाश बाहेर ठेवण्याचे काम हे थर उत्तम करतात, म्हणून पदार्थ महिनोन्महिने कुरकुरीत राहतो. पण आतले पॉलिएथिलीन साधारण १३० अंशांच्या आत वितळते आणि पीईटीला २५० अंशांच्या वर तापमान लागते. दोन्ही एकत्र वितळवली तर हाती येणारा माल कोणत्याच कामाचा नसतो. थर सुटे करण्याच्या पद्धती आहेत, परंतु त्यांचा खर्च मिळणाऱ्या मालाच्या किमतीहून जास्त होतो. शिवाय लहान पुडीचे वजन एक ग्रॅमच्या आसपास. किलोभर माल गोळा करायला कचरावेचकाने हजारभर वेळा वाकायचे आणि शेवटी त्याला भावच नाही.

याउलट पाण्याची बाटली एकाच जातीच्या प्लास्टिकची, पारदर्शक आणि वजनदार असते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने २०१७ मध्ये केलेल्या अभ्यासात देशातील पीईटीपैकी सुमारे ९० टक्के माल पुन्हा वापरात येतो, असा अंदाज मांडला होता. त्या अभ्यासामागे वेष्टन उद्योगाची संघटना होती, हे लक्षात घेऊनही दिशा बरोबर आहे. रस्त्यावर बाटली फार वेळ पडून राहत नाही. मात्र त्या बाटलीची पुन्हा बाटली क्वचितच होते. बराचसा माल पॉलिएस्टर धाग्यात जातो आणि त्या धाग्याचे कापड जुने झाले की त्याला पुढचा मार्ग नाही. २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांनी तर अन्नाला स्पर्श करणाऱ्या वेष्टनात पुनर्प्रक्रिया केलेले प्लास्टिक वापरण्यास मनाईच केली होती. पुढे पीईटीपुरती वाट मोकळी करण्यात आली. ही सावधगिरी मला गैर वाटत नाही. कबाड्याच्या गोणीत फिनेलची बाटली आणि लोणच्याची बरणी शेजारी शेजारी पडलेली असते.

आता लखनौचे चित्र पाहू. या शहराने कचऱ्याच्या व्यवस्थापनात मोठी मजल मारली आहे, हे मान्य केले पाहिजे. २०२४-२५ च्या स्वच्छ सर्वेक्षणात दहा लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांत अहमदाबाद आणि भोपाळ यांच्या पाठोपाठ लखनौ तिसरे आले. शहरात रोज सुमारे दोन हजार टन कचरा निर्माण होतो. शिवरी येथे वर्षानुवर्षे साचलेला सुमारे साडेअठरा लाख टनांचा ढिगारा उपसण्याचे काम बरेच पुढे गेले आहे आणि नव्या प्रकल्पामुळे ताजा कचरा उघड्यावर टाकणे थांबल्याचे सांगण्यात येते. शिवरीचा वास ज्यांनी घेतला आहे त्यांना याचे मोल कळेल.

पण माझी धुऊन वाळवलेली पिशवी शिवरीला गेली तर तिचे काय होते? ओल्या कचऱ्याचे खत होते, धातू आणि जाड प्लास्टिक विकले जाते. उरलेल्या चिंध्या, पुड्या आणि पातळ प्लास्टिकचे ‘आरडीएफ’, म्हणजे कचऱ्यापासून केलेले इंधन बनते आणि ते ट्रकने शेकडो किलोमीटर दूरच्या सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांत जाते. वाहतुकीचा हा खर्च परवडत नाही म्हणून शिवरीतच वीजनिर्मिती प्रकल्प उभारण्याचा विचार आहे. उघड्यावर जाळण्यापेक्षा सिमेंटची भट्टी निःसंशय बरी; तिथले तापमान फार जास्त असते आणि तितका कोळसाही वाचतो. तरीही हे ज्वलन आहे. पुनर्प्रक्रियेत वस्तू परत येते, भट्टीत ती संपते आणि तिच्या जागी नवी पुडी बनवण्यासाठी पुन्हा खनिज तेल लागते.

हा फरक आपल्या नियमांना एकेकाळी कळत होता. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत एक स्पष्ट तरतूद होती. पुनर्प्रक्रिया न होऊ शकणाऱ्या बहुस्तरीय प्लास्टिकचे उत्पादन आणि वापर दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करावा, असे त्यात म्हटले होते. मुदत मार्च २०१८ मध्ये संपत होती. त्याच महिन्याच्या २७ तारखेला नियमांत दुरुस्ती झाली. नव्या शब्दरचनेनुसार ज्यावर पुनर्प्रक्रिया होत नाही ‘किंवा’ ज्यापासून ऊर्जा मिळत नाही ‘किंवा’ ज्याचा पर्यायी उपयोग नाही, असे प्लास्टिक बंद करायचे ठरले. व्याकरणाने पाहिले तर या तिन्हींपैकी एकही अट लागू झाली की बंदी लागू व्हावी, म्हणजे नियम उलट कडक झाला असे म्हणता येईल. व्यवहारात अर्थ नेमका विरुद्ध लागला. पुडी जळते, म्हणजे तिच्यापासून ऊर्जा मिळते, म्हणजे ती चालू राहू शकते. सचिवालयात बरीच वर्षे मसुदे तपासण्यात घालवलेल्या माणसाला अशा ‘किंवा’चे सामर्थ्य ठाऊक असते. आठ वर्षे झाली, वेफर्सचे पाकीट आहे तिथेच आहे.

पुडीबाबत सरकारला कठोर होता येत नाही, असेही नाही. गुटख्याच्या प्लास्टिक पुड्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मार्च २०११ पासून बंदी आली आणि त्या वर्षीच्या केंद्रीय नियमांत गुटखा, तंबाखू व पानमसाला यांसाठी प्लास्टिकची पुडी निषिद्ध ठरली. याचा इतिहास आमच्या शेजारच्या कानपूरशी जोडलेला आहे. १९७३ मध्ये तिथे कोठारी कुटुंबाने पानमसाल्याचा धंदा सुरू केला, तेव्हा तो डब्यात विकला जाई. डबा महाग पडत होता, पुढे पुडी आली, आणि डबा ज्यांना परवडत नव्हता असे कोट्यवधी ग्राहक त्या पुडीने मिळवून दिले. शाम्पू, चहा, मसाले आणि वेफर्स यांनी तीच वाट धरली. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला वाटते की उत्तर भारताच्या बाजारपेठेचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास लिहायचा झाला तर पुडीला त्यात एक स्वतंत्र प्रकरण द्यावे लागेल.

प्रशासनाने या काळात काय केले, त्याचा एक अनुभव सांगतो. उत्तर प्रदेशात प्लास्टिक कचऱ्याविषयीचा कायदा २००० सालापासून आहे. मी एका जिल्ह्यात असताना त्याखाली बाजारात मोहीम काढली होती. भाजीवालीच्या टोपलीतल्या पातळ पिशव्या जप्त केल्या, दंडाच्या पावत्या फाडल्या, छायाचित्रेही निघाली. ती भाजीवाली जिथे बसली होती त्या दुकानाच्या दारात पुड्यांच्या माळा छतापासून गुडघ्यापर्यंत लोंबत होत्या. त्यांना हात लावण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. जप्त झालेल्या पिशव्या काही महिने गोदामात पडून राहिल्या आणि मग कचऱ्याच्याच गाडीतून गेल्या. जुलै २०१८ मध्ये राज्यभर ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली, जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरायचे कप, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ बंद झाले. मिठाईच्या डब्याभोवतीचे प्लास्टिकही त्या यादीत आहे. त्या डब्याशेजारी टांगलेले फरसाणाचे पाकीट मात्र यादीत नाही.

त्याच्यासाठी २०२२ मध्ये दुसरी व्यवस्था आली, तिचे नाव विस्तारित उत्पादक जबाबदारी. कंपनीने बाजारात जितके प्लास्टिक आणले त्याच्या ठरावीक प्रमाणात पुनर्प्रक्रिया झाल्याची प्रमाणपत्रे तिने विकत घ्यायची. कल्पना चांगली आहे. परंतु केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच तपासणीत २०२३ मध्ये सुमारे सहा लाख प्रमाणपत्रे बनावट निघाली. ज्या मालाला खरा खरेदीदार नाही त्याची कागदावरची खरेदी वाढणे यात नवल नाही. आकड्यांबाबत तर बोलायलाच नको. मंडळाच्या नोंदीप्रमाणे २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ४१ लाख टन प्लास्टिक कचरा निर्माण झाला. ब्रिटनमधील लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार भारतात वर्षाला ९३ लाख टन प्लास्टिक उघड्यावर जळते किंवा विखुरते. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत.

पुडीच्या बाजूनेही म्हणण्यासारखे बरेच आहे. रोजंदारीवरच्या माणसाला पाव किलोचा मसाला एकदम घेता येत नाही, पाच रुपयांचा घेता येतो. पुडीमुळे भेसळ कमी झाली, पदार्थ टिकू लागला. चौकातला मख्खन मलाईवाला द्रोणात देतो ते पाहून मन प्रसन्न होते, पण त्याचा पदार्थ दुपारपर्यंत संपवायचा असतो. बिहारच्या सीमेवरील दुकानात दोन महिने राहणाऱ्या बिस्किटाला द्रोण चालत नाही. कुल्हडचेही तसेच. २००४ मध्ये लालूप्रसाद यादव यांनी रेल्वेत तो आणला, २०१९ मध्ये वाराणसी आणि रायबरेली स्थानकांपासून पुन्हा सुरुवात झाली. त्याला माती लागते, भट्टीला जळण लागते. जुन्या वस्तूंच्या आठवणींनी धोरण होत नाही.

म्हणून २०१६ ची तरतूद तिच्या मूळ शब्दांत परत आणावी आणि या वेळी मुदत वास्तववादी असावी, असे माझे मत आहे. एकाच जातीच्या प्लास्टिकची, अडथळ्याचा फारच पातळ लेप असलेली पाकिटे बनवता येतात. अनेक कंपन्या परदेशी बाजारात ती वापरू लागल्या आहेत. ती थोडी महाग पडतील, कदाचित पदार्थ सहाऐवजी चार महिने टिकेल. तो भार उत्पादकाने आणि ग्राहकाने उचलावा, आज तो शिवरीचा ट्रक उचलतो. सुरुवात सरकारने स्वतःच्या खरेदीपासून करावी. अंगणवाडीतून घरी दिला जाणारा पोषण आहार आणि रेल्वेतील खाद्यपदार्थ यांच्या निविदांत वेष्टनाची अट घालायला नव्या कायद्याची गरज नाही.

अनामत रकमेचा मार्ग मोठ्या वस्तूंसाठी खुला आहे. निलगिरीत मद्याच्या बाटलीवर दहा रुपये अनामत ठेवल्यावर बाटल्या जंगलातून दुकानात परतू लागल्या. गोव्याने २०२४ मध्ये अशी योजना अधिसूचित केली. महाराष्ट्राच्या वाचकांना मात्र याचे दुसरे टोकही ठाऊक आहे. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीवर ५० पैसे परत देण्याची तरतूद होती, २०१९ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत तिची ग्वाहीही दिली होती. ते ५० पैसे किती घरांत पोहोचले, हे वाचकांनीच आठवून पाहावे. पुडीला तर हा मार्गही नाही. ग्रॅमभर वजनाच्या वस्तूसाठी कोणी दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही. तिचा निर्णय कारखान्यातच व्हावा लागेल.

प्लास्टिकविषयक जागतिक कराराची चर्चा ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात निष्पन्नाविना संपली. उत्पादनावर मर्यादा घालण्यास भारताचा विरोध होता. कचऱ्याच्या व्यवस्थापनावर भर द्यावा, ही आपली भूमिका होती. विकसनशील देश म्हणून ती समजण्यासारखी आहे. पण मग त्या व्यवस्थापनाचा हिशेब तरी नीट मांडावा लागेल. किती टन मालावर पुनर्प्रक्रिया झाली आणि किती टन भट्टीत गेला, हे दोन वेगळे रकाने आहेत. आज शहरांच्या अहवालांत ते ‘प्रक्रिया केलेला कचरा’ या एकाच शब्दाखाली येतात. लखनौ महापालिकेकडे शिवरीच्या फाटकावर वजनकाटा आहे आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ट्रकची पावती होते. त्या पावत्यांवरून हे दोन रकाने दरमहा जाहीर करण्यास एका लिपिकाचे अर्ध्या दिवसाचे काम पुरेल.